ल्युकेमियाच्या पेशींमधील स्टेरॉइड-प्रतिरोध : स्वरूप, कारणमीमांसा आणि उपचारांतील महत्त्व

गोषवारा :

तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया हा बालवयात सर्वाधिक आढळणारा कर्करोग होय. प्रेडनिसोलोन व डेक्सामेथासोन ही ग्लुकोकॉर्टिकॉइड गटातील स्टेरॉइड संप्रेरके या रोगाच्या उपचाराचा पाया आहेत. बहुसंख्य रुग्णांच्या रोगपेशी या औषधांनी अल्पावधीत नष्ट होतात. काहींच्या मात्र होत नाहीत. ज्या होत नाहीत त्या का होत नाहीत, या प्रश्नाचा वेध प्रस्तुत लेखात घेतला आहे. स्टेरॉइड पेशीत शिरल्यापासून पेशीचा मृत्यू होईपर्यंत अनेक टप्पे असतात आणि त्यांपैकी कोणत्याही टप्प्यावर खंड पडला तरी प्रतिरोध निर्माण होऊ शकतो. असा प्रतिरोध पुष्कळदा औषधाच्या आधीच काही पेशींत अस्तित्वात असतो. म्हणूनच उपचाराच्या आरंभीचा प्रतिसाद काळजीपूर्वक मोजणे आणि निदानापूर्वी स्टेरॉइडचा अविचारी वापर टाळणे महत्त्वाचे ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : ल्युकेमिया, ग्लुकोकॉर्टिकॉइड, संप्रेरक-ग्राही, नियोजित पेशीमृत्यू, औषध-प्रतिरोध.

१. प्रस्तावना

रक्तातील श्वेतपेशी अस्थिमज्जेत तयार होतात. अपरिपक्व अवस्थेतून टप्प्याटप्प्याने परिपक्व होऊन त्या रक्तप्रवाहात येतात, आपले कार्य करतात आणि ठरलेल्या काळाने नष्ट होतात. ल्युकेमियामध्ये हा क्रम बिघडतो. एखादी अपरिपक्व पेशी परिपक्व न होता अनिर्बंध विभाजित होऊ लागते आणि तिची संतती अस्थिमज्जा व्यापून टाकते. परिणामी तांबड्या पेशी, बिंबाणू व निरोगी श्वेतपेशी यांच्या निर्मितीला जागाच उरत नाही. पांडुरोग, रक्तस्राव, ताप, हाडे दुखणे आणि वारंवार होणारे जंतुसंसर्ग ही लक्षणे त्यातूनच उद्भवतात. ही विकृती लसीकापेशींच्या पूर्वज पेशींत उद्भवली असता तिला तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया असे म्हणतात. लसीकापेशींच्या ‘बी’ आणि ‘टी’ या दोन शाखांनुसार या रोगाचेही दोन प्रमुख प्रकार पडतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा रोग झालेले मूल काही महिन्यांतच दगावत असे. आज प्रगत देशांत यांपैकी सुमारे ९० टक्के मुले बरी होतात. आधुनिक वैद्यकाच्या मोठ्या यशांपैकी हे एक यश होय. तथापि ज्या मुलांत रोगाचा पुनरुद्भव होतो, त्यांच्या बाबतीत यश पुष्कळच कमी आहे. पुनरुद्भव झालेल्या रोगपेशींत स्टेरॉइडला दाद न देण्याचा गुण वारंवार आढळतो. त्यामुळे स्टेरॉइड-प्रतिरोधाचा अभ्यास हा जीवरसायनशास्त्राचा विषय तर आहेच, शिवाय उरलेल्या दहा टक्के मुलांच्या जीवनमरणाशीही त्याचा थेट संबंध आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘स्टेरॉइड’ हा शब्द सामान्य व्यवहारात खेळाडूंनी घेतलेल्या स्नायुवर्धक औषधांसाठीही वापरला जातो. प्रस्तुत लेखातील स्टेरॉइडे ती नव्हेत. अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकात तयार होणाऱ्या कॉर्टिसॉल या नैसर्गिक संप्रेरकाशी रचनेने जवळची असलेली ग्लुकोकॉर्टिकॉइड औषधे येथे अभिप्रेत आहेत.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

अधिवृक्क ग्रंथी आणि लसीका-ऊती यांचा संबंध १९४० च्या दशकात स्पष्ट झाला. अधिवृक्क-बाह्यकाच्या संप्रेरकांमुळे प्राण्यांतील यौवनलोपी ग्रंथी, म्हणजेच थायमस, आणि लसीका-ग्रंथी आक्रसतात, असे त्या काळातील प्रयोगांत दिसून आले. १९४४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हाइलमन आणि केंडॉल यांनी लसीका-अर्बुद असलेल्या उंदरांना ‘संयुग ई’ दिले. हेच संयुग पुढे कॉर्टिसोन या नावाने प्रसिद्ध झाले. औषधाने अर्बुद विरघळले. परंतु काही उंदरांत ते पुन्हा उद्भवले. स्टेरॉइडचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी अशा प्रकारे प्रारंभीच समोर आल्या होत्या.

कॉर्टिसोनच्या संशोधनाबद्दल एडवर्ड केंडॉल, फिलिप हेंच आणि टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास हे औषध ल्युकेमियाच्या रुग्णांनाही दिले जाऊ लागले. तत्पूर्वी १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या फॉलिक आम्लविरोधी औषधाने मुलांमध्ये तात्पुरता रोगोपशम घडवून आणल्याचे प्रसिद्ध केले होते. कॉर्टिसोननेही तसाच रोगोपशम दिसला, पण तोही अल्पजीवी ठरला. काही आठवड्यांत वा महिन्यांत रोग परत येई आणि पुन्हा दिलेल्या स्टेरॉइडला पूर्वीइतकी दाद देत नसे.

या अनुभवातूनच अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. स्टेरॉइड, व्हिन्क्रिस्टीन, अस्पॅराजिनेज, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरीन इत्यादी औषधांची कार्यपद्धती परस्परांहून भिन्न आहे. एका औषधातून निसटलेली पेशी दुसऱ्याच्या तावडीत सापडावी, हे या पद्धतीमागील तत्त्व होय. औषधे वाढली तरी स्टेरॉइडचे स्थान मात्र अबाधित राहिले. आजही उपचाराचा पहिला टप्पा स्टेरॉइडशिवाय सहसा पार पडत नाही.

३. स्टेरॉइडमुळे पेशीचा मृत्यू कसा होतो?

प्रतिरोध समजून घेण्यासाठी आधी औषधाची नेहमीची वाट पाहणे आवश्यक आहे. ही वाट पुढील टप्प्यांची आहे.

पहिला टप्पा प्रवेशाचा. स्टेरॉइडचा रेणू लहान व मेदविद्राव्य असल्याने तो पेशीपटलातून सहज आत जातो.

दुसरा टप्पा ग्राहीशी संयोगाचा. पेशीद्रवात ग्लुकोकॉर्टिकॉइड-ग्राही नावाचे प्रथिन असते. गुणसूत्र क्रमांक ५ वरील ‘एनआर३सी१’ हे जनुक ते घडवते. १९८५ मध्ये या मानवी ग्राहीची रचना उलगडली. त्याच्या मुख्य प्रकारात ७७७ अमिनो आम्ले असतात. संप्रेरक नसताना हा ग्राही ‘उष्माघात-प्रथिन ९०’ आणि अन्य साहाय्यक प्रथिनांच्या सोबतीने पेशीद्रवात राहतो. ही प्रथिने त्याला संप्रेरक पकडण्यायोग्य आकारात ठेवतात.

तिसरा टप्पा केंद्रकप्रवेशाचा. संप्रेरक जोडले जाताच ग्राहीचा आकार बदलतो आणि तो केंद्रकात शिरतो.

चौथा टप्पा जनुक-नियंत्रणाचा. केंद्रकात ग्राही डीएनएवरील विशिष्ट क्रमांना चिकटतो. साहाय्यक प्रथिनांच्या मदतीने तो काही जनुके कार्यान्वित करतो, तर काहींचे कार्य थांबवतो. कार्यान्वित होणाऱ्या जनुकांत ‘बिम’ या प्रथिनाचे जनुक विशेष महत्त्वाचे आहे.

पाचवा टप्पा प्रत्यक्ष मृत्यूचा. पेशीतील तंतुकणिकांच्या बाह्यपटलावर ‘बीसीएल-२’ कुटुंबातील प्रथिनांचा तोल सांभाळलेला असतो. ‘बीसीएल-२’ आणि ‘एमसीएल-१’ ही प्रथिने पेशीचे रक्षण करतात, तर ‘बिम’सारखी प्रथिने त्या रक्षकांना निष्प्रभ करतात. ‘बिम’चे पारडे जड झाले की तंतुकणिकेच्या पटलाला छिद्रे पडतात आणि सायटोक्रोम-सी पेशीद्रवात उतरते. त्यामुळे कॅस्पेज गटातील विकरे जागृत होऊन पेशीच्या घटकांचे शिस्तबद्ध विघटन करतात.

या शिस्तबद्ध मृत्यूला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी ‘अपॉप्टोसिस’ असे नाव दिले. मराठीत त्याला ‘नियोजित पेशीमृत्यू’ म्हणता येईल. या संकल्पनेच्या आरंभीच्या अभ्यासात स्टेरॉइड दिलेल्या थायमस-पेशींचा मोठा वाटा होता. १९८० मध्ये वायली यांनी अशा पेशींतील डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे होतात, हे दाखवून दिले.

स्टेरॉइड शरीरातील बहुतेक पेशींत शिरते व तेथील ग्राहीशी जोडलेही जाते. पण यकृताची किंवा स्नायूची पेशी त्यामुळे मरत नाही. केवळ तिचे कार्य बदलते. विकसनशील लसीकापेशीत मात्र हाच संदेश मृत्यूचा आदेश ठरतो. म्हणजे मृत्यूचे कारण एकट्या औषधात नसून पेशीने त्या औषधाचा जो अर्थ लावलेला असतो त्यातही आहे. ल्युकेमियाची पेशी मूळ लसीकापेशीकडून हाच अर्थ वारशाने घेते. प्रतिरोधी पेशीत हा वारसा खंडित झालेला असतो.

४. प्रतिरोध औषधामुळे येतो की आधीच असतो?

१९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅरोल सिब्ली आणि गॉर्डन टॉमकिन्स यांनी या प्रश्नाचा शोध घेतला. उंदराच्या ‘एस४९’ या लसीका-अर्बुदाच्या पेशी त्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या. डेक्सामेथासोन घातल्यावर या पेशी मरत. परंतु लक्षावधी पेशींतून एखाददुसरी जिवंत राहून वाढू लागे.

या पेशी औषधाच्या सान्निध्याने बदलल्या की औषधापूर्वीच तशा होत्या, हे ठरवण्यासाठी त्यांनी लुरिया व डेलब्रुक यांची १९४३ मधील चढउतार-चाचणी वापरली. या चाचणीचे तर्कशास्त्र सोपे आहे. प्रतिरोध औषधामुळे येत असेल, तर स्वतंत्रपणे वाढवलेल्या सर्व पात्रांत प्रतिरोधी पेशींची संख्या साधारण सारखी यावी. तो आधीच यदृच्छया घडलेल्या उत्परिवर्तनामुळे येत असेल, तर काही पात्रांत अशा पेशी पुष्कळ आणि काहींत अगदी थोड्या आढळाव्यात. कारण उत्परिवर्तन लवकर घडले असेल तर त्या पेशीची संतती तोवर मोठी झालेली असते. प्रयोगात दुसरा प्रकार दिसला. औषधाने प्रतिरोधी पेशी घडवल्या नव्हत्या, तर संवेदनशील पेशी मारून त्यांना मोकळे रान करून दिले होते. शेतात एकच कीटकनाशक पुनःपुन्हा फवारल्यावर उरलेल्या किडींचे जे होते, तेच येथे घडते.

या प्रतिरोधी पेशींपैकी बहुतांश पेशींत ग्राही संप्रेरकाला पकडूच शकत नव्हता. काहींत तो संप्रेरक पकडत असे, पण केंद्रकात नीट स्थिरावत नसे.

मानवी पेशींवरील अभ्यासाने चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. ‘सीसीआरएफ-सीईएम’ ही पेशीमालिका १९६० च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या एका बालिकेच्या रक्तातून मिळवण्यात आली होती. १९७७ मध्ये नॉर्मन व थॉम्पसन यांनी तिच्यातून दोन उपमालिका वेगळ्या केल्या. ‘सी७’ ही स्टेरॉइडने मरणारी, तर ‘सी१’ ही न मरणारी. ‘सी१’मधील ग्राही संप्रेरक पकडतो आणि काही जनुके कार्यान्वितही करतो, तरीही पेशी मरत नाही. संदेश पोहोचतो, पण त्याची अंमलबजावणी होत नाही. यावरून बिघाड ग्राहीच्या पुढील टप्प्यांवरही असू शकतो, हे स्पष्ट झाले.

५. प्रतिरोधाच्या विविध वाटा

गेल्या पाच दशकांतील संशोधनातून प्रतिरोधाच्या अनेक वाटा ज्ञात झाल्या आहेत. सोयीसाठी त्यांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल.

(अ) ग्राहीतील बिघाड : ‘एनआर३सी१’ जनुकात उत्परिवर्तन झाल्यास किंवा त्याचा भाग गळाल्यास कार्यक्षम ग्राही कमी पडतो. प्रयोगशाळेतील पेशीमालिकांत हे कारण ठळक असले तरी निदानाच्या वेळी रुग्णांच्या पेशींत असे उत्परिवर्तन क्वचितच आढळते. पुनरुद्भवाच्या वेळी त्याचे प्रमाण वाढते. ग्राही नष्ट होण्याची आणखी एक वाट २०१५ मध्ये उजेडात आली. काही प्रतिरोधी पेशींत कॅस्पेज-१ हे विकर आणि त्याला जागृत करणारे ‘एनएलआरपी३’ प्रथिन अधिक प्रमाणात असते. हे विकर ग्राहीचेच तुकडे करते. येथे ग्राहीचे जनुक शाबूत असूनही तयार झालेला ग्राही टिकत नाही.

संवेदनशील पेशीमालिकांत स्टेरॉइड दिल्यावर ग्राहींची संख्या आपोआप वाढते, असे दिसले होते. त्यामुळे ही वाढ न होणे हेच प्रतिरोधाचे कारण असावे, असा कयास होता. परंतु मुलांच्या रोगपेशींवरील २००६ मधील अभ्यासात असा संबंध आढळला नाही. पेशीमालिकेवरील निष्कर्ष रुग्णाला जसाच्या तसा लागू करता येत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

(आ) केंद्रकप्रवेशातील अडथळा : ‘टी’ शाखेच्या ल्युकेमियात ‘पीटेन’ हे नियंत्रक प्रथिन पुष्कळदा नष्ट झालेले असते. त्यामुळे ‘एकेटी१’ हे विकर बेबंद होते. हे विकर ग्राहीच्या १३४ व्या स्थानावरील सेरीनला फॉस्फेट जोडते आणि ग्राहीला केंद्रकात जाण्यापासून रोखते, असे २०१३ मध्ये दाखवण्यात आले. औषध आले, ग्राहीने ते पकडलेही, परंतु दोघेही उंबऱ्याबाहेरच राहिले, अशी ही स्थिती असते.

(इ) जनुक-नियंत्रणातील बिघाड : ग्राही केंद्रकात पोहोचला तरी तेथील जनुके वाचण्यायोग्य असली पाहिजेत. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. ‘सीआरईबीबीपी’ हे प्रथिन हिस्टोनांना असिटिल गट जोडून ही गुंडाळी सैल करते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुनरुद्भव झालेल्या सुमारे १८ टक्के रुग्णांत या जनुकात बिघाड आढळला. अशा पेशींत स्टेरॉइडला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांचे कार्य मंदावते. याखेरीज ‘बिम’ जनुकाभोवतीची गुंडाळी घट्ट झाल्यामुळे ग्राही तेथे पोहोचू न शकल्याचेही काही प्रतिरोधी पेशींत दिसून आले आहे. येथे जनुकाची अक्षरे बदललेली नसतात. पुस्तक तेच असते, पान मात्र उघडत नाही.

(ई) मृत्यूयंत्रणेतील असमतोल : ‘बिम’ तयार झाले तरी ‘बीसीएल-२’ किंवा ‘एमसीएल-१’ हे रक्षक फार प्रबळ असतील, तर पेशी तग धरते. २००६ मध्ये जनुक-अभिव्यक्तीच्या तुलनेतून रॅपामायसिन हे औषध ‘एमसीएल-१’चे प्रमाण घटवून प्रतिरोधी पेशींना पुन्हा संवेदनशील करू शकते, असे प्रयोगशाळेत दिसले.

(उ) बाह्य संदेश व चयापचय : अस्थिमज्जेतील परिसर रोगपेशींना जगण्याचे संदेश पुरवतो. ‘इंटरल्युकिन-७’ हा त्यांपैकी एक असून तो ‘बीसीएल-२’चे प्रमाण वाढवू शकतो. ‘टी’ शाखेच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत ‘नॉच१’ जनुकात उत्परिवर्तन असते. त्या मार्गाला अटकाव केल्यास काही पेशी स्टेरॉइडला पुन्हा दाद देतात, असे २००९ मध्ये दिसून आले. प्रतिरोधी पेशींत ग्लुकोजचा वापर वाढलेला असल्याचेही आढळले आहे.

या वाटा परस्परांना वगळणाऱ्या नाहीत. एकाच रुग्णाच्या शरीरात वेगवेगळ्या पेशींनी वेगवेगळ्या वाटा धरलेल्या असू शकतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०३ रुग्णांच्या निदानाच्या व पुनरुद्भवाच्या वेळच्या पेशींचे संपूर्ण जनुकीय वाचन करण्यात आले. औषध-प्रतिसादाशी निगडित १२ जनुकांत पुनरुद्भवाच्या वेळी नवे बदल आढळले. त्यांत ‘एनआर३सी१’ होते. निदानानंतर नऊ महिन्यांच्या आत रोग परतलेल्यांत अशा बदलांचे प्रमाण १७ टक्के, तर ९ ते ३६ महिन्यांच्या दरम्यान रोग परतलेल्यांत ६५ टक्के होते. शिवाय काही उत्परिवर्तनांवर थायोप्युरीन गटातील औषधांची खूण दिसली. म्हणजे काही रुग्णांत उपचारातील औषधेही नव्या उत्परिवर्तनांना कारणीभूत होतात. सिब्ली व टॉमकिन्स यांच्या निष्कर्षाला या अभ्यासाने महत्त्वाची पुरवणी जोडली आहे. पूर्वीपासून असलेल्या पेशींची निवड हे पुष्कळ प्रसंगी कारण असते, परंतु ते एकमेव नव्हे.

६. रुग्णातील प्रतिसादाचे मोजमाप

प्रतिरोधाची वाट कोणतीही असो, वैद्यकाला आधी तो आहे की नाही हे कळावे लागते. जर्मनीतील बर्लिन-फ्रँकफुर्ट-म्युन्स्टर या अभ्यासगटाने १९८० च्या दशकात यासाठी एक साधी पद्धत रूढ केली. पहिले सात दिवस रुग्णाला प्रेडनिसोन आणि मेरुद्रवात मेथोट्रेक्सेटची एक मात्रा एवढेच द्यावयाचे. आठव्या दिवशी रक्तातील रोगपेशी मोजावयाच्या. एका मायक्रोलिटरमध्ये त्या १००० पेक्षा कमी असतील तर प्रतिसाद चांगला, अन्यथा अपुरा.

सुमारे दहा टक्के मुलांचा प्रतिसाद अपुरा आढळला आणि त्यांच्यात पुनरुद्भवाचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक होते. सूक्ष्मदर्शक व रक्ताचा एक थेंब यांच्या आधारे पुढील अनेक वर्षांचे भाकीत करता येऊ लागले. ज्या मुलांचा प्रतिसाद अपुरा, त्यांना पुढे अधिक तीव्र उपचार देणे आणि इतरांना अनावश्यक तीव्रतेपासून वाचवणे त्यामुळे शक्य झाले.

आज याच्या जोडीला किमान अवशिष्ट रोगाचे मोजमाप केले जाते. प्रवाही पेशीमापन किंवा डीएनए-आधारित चाचणीने दहा हजार पेशींत एक रोगपेशी असली तरी ती शोधता येते. हे मोजमाप सर्व औषधांच्या एकत्रित परिणामाचे असते. आठव्या दिवसाचे मोजमाप मात्र प्रामुख्याने स्टेरॉइडला मिळालेला प्रतिसाद दाखवते, हा दोहोंतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

७. प्रतिरोधावर मात करण्याचे प्रयत्न

सर्वांत सरळ उपाय म्हणजे अधिक प्रभावी स्टेरॉइड वापरणे. डेक्सामेथासोन हे प्रेडनिसोलोनपेक्षा सुमारे सहा ते सात पट प्रभावी असून मेंदूभोवतीच्या द्रवातही अधिक चांगले पोहोचते. त्याच्या वापराने पुनरुद्भव कमी होतो, असे युरोपातील मोठ्या चाचण्यांत दिसले. तथापि त्याची किंमतही मोजावी लागते. प्राणघातक जंतुसंसर्ग, रक्तशर्करेतील वाढ, स्वभावातील बदल आणि विशेषतः किशोरवयीन रुग्णांत हाडांचा रक्तपुरवठा खंडित होऊन होणारा ऱ्हास हे त्याचे दुष्परिणाम आहेत. मात्रा वाढवत नेणे हे म्हणूनच प्रतिरोधावरील उत्तर ठरू शकत नाही. शिवाय ज्या पेशीत ग्राहीच नाही, तिच्यावर कितीही मात्रा दिली तरी तिचा उपयोग नाही.

दुसरा उपाय म्हणजे बिघडलेला टप्पा ओळखून तो दुरुस्त करणे किंवा वळसा घालून पुढे जाणे. ‘बीसीएल-२’ला रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ मध्ये अमेरिकेत प्रथम दीर्घकालीन लसीका-ल्युकेमियासाठी मान्य झाले. तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमियात त्याचा उपयोग चाचण्यांतून तपासला जात आहे. ‘एकेटी’, ‘जॅक’ आणि हिस्टोनवरील असिटिल गट काढणारी विकरे यांना रोखणाऱ्या द्रव्यांचाही स्टेरॉइडच्या जोडीने अभ्यास झाला आहे. येथे प्रत्येक उपाय विशिष्ट बिघाडापुरताच उपयोगी असल्याने कोणत्या रुग्णात कोणता बिघाड आहे, हे आधी कळणे अपरिहार्य ठरते.

तिसरा उपाय सर्वस्वी वेगळा आहे. पेशीच्या आतील मृत्यूसंदेशावर विसंबण्याऐवजी रुग्णाच्या प्रतिकारपेशींकडून तिचा नाश करवणे, हे त्याचे सूत्र होय. ब्लिनाटुमोमॅब हे प्रतिपिंड एका बाजूने ‘बी’ शाखेच्या पेशीवरील ‘सीडी१९’ प्रथिन आणि दुसऱ्या बाजूने मारक टी-पेशी पकडते. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, नव्याने निदान झालेल्या, प्रमाण-जोखीम गटातील पण पुनरुद्भवाचा धोका मध्यम किंवा त्याहून अधिक असलेल्या मुलांना नेहमीच्या उपचारासोबत हे औषध दिले असता तीन वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ८७.९ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेले. रुग्णाच्याच टी-पेशींत जनुकीय बदल करून त्या परत देणारी ‘कार-टी’ चिकित्सा हाही याच दिशेचा उपाय होय. अर्थात या उपचारांपासूनही रोगपेशी निसटू शकतात. ‘सीडी१९’ गमावलेल्या पेशींमुळे रोग परतल्याची उदाहरणे आहेत. निवडीचा नियम येथेही सुटत नाही.

८. भारतीय संदर्भ

भारतात या रोगाच्या सुसूत्र उपचाराचा प्रारंभ १९८० च्या दशकात झाला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयान मॅग्रॅथ यांच्या सहकार्यातून ‘एमसीपी-८४१’ ही उपचारपद्धती उभी राहिली. मर्यादित साधनांत राबवता येईल अशी ही पद्धती देशातील अनेक केंद्रांनी स्वीकारली. त्यानंतर विविध केंद्रांनी एकत्र येऊन ‘आयसीआयसीएलई-एएलएल-१४’ ही चाचणी हाती घेतली. तीत प्रेडनिसोलोनला मिळणारा आरंभीचा प्रतिसाद आणि किमान अवशिष्ट रोग यांचा जोखीम ठरवण्यासाठी उपयोग केला आहे. जोखीम फार नसलेल्या लहान मुलांना प्रेडनिसोलोन पाच आठवड्यांऐवजी तीन आठवडे दिल्यास दुष्परिणाम घटतात काय, हा तिच्यातील एक प्रश्न आहे. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून साकारलेल्या ‘नेक्सकार१९’ या देशी ‘कार-टी’ चिकित्सेला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली.

या प्रगतीच्या जोडीला एका गंभीर बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. ल्युकेमियाची आरंभीची लक्षणे फसवी असतात. दीर्घकाळचा ताप, सांधेदुखी, गाठी किंवा बिंबाणूंची घट यांवर निदानाआधीच स्टेरॉइड दिले जाण्याचे प्रसंग घडतात. औषधाने ताप उतरतो, दुखणे थांबते, मूल खेळू लागते आणि कुटुंब निश्चिंत होते. प्रत्यक्षात संवेदनशील पेशी तेवढ्या मेलेल्या असतात. काही आठवड्यांनी रोग पुन्हा उफाळतो. दरम्यान निदान लांबलेले असते आणि आठव्या दिवसाच्या मोजमापाचा अर्थ लावणेही अवघड झालेले असते; कारण मोजमाप सुरू होण्यापूर्वीच औषध देऊन झालेले असते. रोगाचा आरसाच धुरकट व्हावा, तसे हे आहे. म्हणूनच स्टेरॉइड घेतलेले असल्यास त्याची मात्रा व कालावधी यांची माहिती उपचार करणाऱ्या वैद्यकांना देणे अत्यावश्यक ठरते.

ही औषधे वैद्यकीय चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही जुन्या चिठ्ठीवर किंवा ऐकीव सल्ल्यावर ती घेण्याची प्रवृत्ती दिसते. याचा अर्थ स्टेरॉइड हे विष आहे असा नव्हे. दमा, संधिवात आणि अनेक गंभीर आजारांत ते प्राणरक्षक आहे. वैद्यकांनी सुरू केलेले स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करणेही तितकेच धोक्याचे असते, कारण दीर्घ वापरात अधिवृक्क ग्रंथीचे स्वतःचे कार्य मंदावलेले असते. मुद्दा वापराच्या विवेकाचा आहे.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) स्टेरॉइड-प्रतिरोध हा एकच दोष नसून ग्राही, केंद्रकप्रवेश, जनुक-नियंत्रण, मृत्यूयंत्रणा आणि बाह्य संदेश यांपैकी कोणत्याही टप्प्यावर पडलेल्या खंडाचा परिणाम होय.

२) प्रतिरोधी पेशी पुष्कळदा उपचारापूर्वीच अल्प संख्येने अस्तित्वात असतात. औषध त्यांची निवड करते. काही प्रसंगी मात्र उपचारातील औषधेही नवे बदल घडवतात.

३) प्रयोगशाळेतील पेशीमालिकांतून मिळालेले ज्ञान मार्गदर्शक असले तरी रुग्णांच्या पेशींवर ते पडताळून पाहावेच लागते.

४) आरंभीच्या प्रतिसादाचे मोजमाप हे उपचाराची दिशा ठरवणारे साधन आहे. निदानापूर्वीचा अविवेकी स्टेरॉइड-वापर ते साधनच निकामी करू शकतो.

उत्क्रांती, जनुकशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि औषधशास्त्र हे विषय अभ्यासक्रमात स्वतंत्रपणे शिकवले जातात. आठव्या दिवशी घेतलेल्या एका बालकाच्या रक्ताच्या नमुन्यात ते सर्व एकत्र येतात. यदृच्छया घडलेले उत्परिवर्तन, औषधाने केलेली निवड, ग्राहीचा आकार आणि तंतुकणिकेवरील प्रथिनांचा तोल यांचे एकत्रित फलित त्या मोजणीत उतरलेले असते. विद्यार्थ्यांपुढे हे विषय अशा एका उदाहरणाच्या आधारे मांडल्यास त्यांचे परस्परसंबंध स्पष्ट होतील. त्याबरोबरच स्टेरॉइडसारख्या औषधाविषयीची विवेकी दृष्टीही त्यांच्यामार्फत घरोघरी पोहोचेल, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही.